मापाची खुर्ची

आम्ही अंबरनाथजवळच्या मोरिवलीच्या. गावात कंपन्या आल्या का कंपन्यांच्या मध्ये गाव अडकलं, ते ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल, पण माझा जन्म झाला तेव्हा घराच्या मागच्या बाजूला कंपनीची भिंत होती आणि पुढं भाताचं खाचर, आणि मधल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. बाबा रंगाच्या कंपनीत कंत्राटी कामगार, ड्रम धुवायचे, घरी आले की कधी हात निळे, कधी लाल, त्यावरून आम्ही ओळखायचो आज कुठला माल निघाला. आई साहेब लोकांच्या बंगल्यांवर धुणंभांडी करायची. मी रंजना, धाकटी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी कुसुम, मी तिला ताईच बोलते. ताई दीड वर्षाची असताना तिला पोलिओचा ताप आला, ताप चार दिवसांत गेला, पाय मात्र परत आले नाय.

ताई हातावर चालायची. म्हणजे बसून, हात पुढं टेकवून अंग ओढायचं. बाबांच्या जुन्या रबरी स्लिपरा ती हातात घालायची, खडी टोचू नये म्हणून. तिच्या चपला हातात, माझ्या पायात, मला लहानपणी त्यात काय वेगळं वाटायचं नाय. एका घरात एकीला केस कुरळे असतात, एकीला सरळ, तसंच. वेगळं आहे ते मला त्या बंगल्यात कळलं.

मी सात वर्षांची असेन, ताई दहाची. ज्या शेजारणीकडं आई आम्हाला ठेवायची तिच्या घरात त्या दिवशी कोणतरी वारलं होतं, म्हणून आई आम्हा दोघींना कामावर घेऊन गेली. ताई तिच्या कडेवर, दहा वर्षांची पोरगी कडेवर, तुम्ही विचार करा. तिथं साहेबांची मुलगी होती, पिंकी, ताईच्याच वयाची. आणि तिचे पाय अगदी ताईसारखे. काय सांगू तुम्हाला, तेच बारीक पाय, तसाच आतल्या बाजूला वळलेला पंजा. ताई तिच्याकडं बघत राहिली, ती ताईकडं. पण पिंकी जमिनीवर नव्हती, ती खुर्चीवर होती, चाकांच्या खुर्चीवर, चकचकीत, बसायला लाल रेक्झिन. आई आम्हाला बोलली, हात लावायचा नाय, परदेशातून आलेली आहे.

मग पिंकीला जेवायला सोफ्यावर बसवलं आणि खुर्ची रिकामी झाली. ताईनं माझ्याकडं बघितलं. ती सरकत गेली, हातानं दांडी पकडली, मी मागून ढकललं, आणि चढली की ती वर. आणि मी तिला फिरवली. त्या हॉलला गुळगुळीत लादी होती, एवढंसं ढकललं की खुर्ची पळायची. दोन फेऱ्या मारल्या आम्ही. ताईचं तोंड मी पहिल्यांदा माझ्या तोंडाच्या उंचीला बघितलं. तोपर्यंत मी वर आणि ती खाली, असंच बोलायचो आम्ही.

तेवढ्यात बाई आल्या, पिंकीची आई. त्यांनी मारलं नाय, ओरडल्या पण नाय, उलट हसल्या, अगं बाई, बसलीस का, बरं बरं, आता उतर. आईनं पळत येऊन ताईला उचललं. आणि मग त्या बाईंनी ओलं फडकं आणून खुर्ची पुसली. बसायची जागा पुसली, हात ठेवायच्या दांड्या पुसल्या, चाकांच्या कडा पुसल्या. आईच्या समोर. खोटं कशाला बोलू, बाई वाईट नव्हत्या, दिवाळीला आम्हाला फराळ द्यायच्या. पण ते फडकं मी अजून बघते, हिरवं चौकडीचं होतं.

घरी येताना ताई आईच्या खांद्यावरून मला विचारत होती, रंजे, तिच्या पायात आणि माझ्या पायात काय फरक होता गं? आई बोलली, गप बस बाय, त्यांचं नशीब. मी गप बसली, पण आतून मी त्या दिवसापासून कधी गप बसली नाय. ही माझी तक्रार समजा नायतर खोड समजा. आणि त्या वयात माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं, की परदेश म्हणजे अशी जागा जिथं सगळ्या पाय नसलेल्या पोरींना खुर्ची मिळते. किती वर्षं मी तसंच समजत होती.

चौथीनंतर ताईची शाळा सुटली. पाचवीची शाळा लांब, आईची कंबर गेली आणि माझ्याच्यानं ती उचलवेना. मी एक दिवस प्रयत्न केला, अर्ध्या रस्त्यात दोघी पडलो, ताईचं ढोपर फुटलं. ती बोलली, जा तू, मला पाटी-पुस्तक आणून दे. मी शाळेत बसायची आणि ती घरी उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापत बसायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, शिवलेल्या पॅन्टींचे लोंबते धागे कापून परत द्यायचे. तिचे हात एवढे चालायचे की शेजारच्या दोन पायांच्या बाया मागं पडायच्या.

दहावीनंतर मी आयटीआयला वेल्डरचा ट्रेड घेतला. मास्तर बोलले, पोरी, शिवणकामाला जा, मी बोलली नाय सर, मला लोखंड जोडायचं आहे. वर्गात मी एकटी पोरगी. कशाला जोडायचं ते मी कुणाला सांगितलं नाय, हसले असते. मग अंबरनाथलाच एका वर्कशॉपमध्ये लागली, तिथं हॉस्पिटलच्या खाटा, ट्रॉल्या, स्टुलं बनायची. शेठ उल्हासनगरचे सिंधी, आम्ही त्यांना दादा बोलायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, बोलले, बेटा, ये गरम काम है, चेहरा खराब हो जायेगा. मी बोलली, दादा, चेहरा बघायला कोण येणार आहे, वेल्डिंगचा टाका बघा. त्यांनी माझा टाका बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून ये बोलले.

मध्ये लग्न झालं. बदलापूरला दिली होती. दोन वर्षांत परत आली. ते राहू द्या, त्यात सांगण्यासारखं काय नाय, तो माणूस एका जागी बसणारा होता आणि मी नव्हती, एवढंच.

परत आल्यावर मी ताईसाठी खुर्ची बनवली. दादांना विचारून भंगारातला पाइप घेतला, सायकलची चाकं घेतली, दोन महिने काम सुटल्यावर तासभर थांबून बनवली. लाल रेक्झिन मुद्दाम उल्हासनगरहून आणलं. टेम्पोत घालून घरी आणली, अख्खी गल्ली जमली, आई रडायला लागली. आणि खुर्ची दारातून आत जाईना. आमचं दार अरुंद, खुर्ची रुंद. मग अंगणात ठेवली, ताईला वर बसवली, तर तिचे पाय खाली टेकेनात, लोंबायला लागले, आणि हात चाकापर्यंत पोचेनात. ताई शांतपणे बोलली, रंजे, कुणाचं माप घेतलंस?

मी पिंकीच्या खुर्चीचं माप घेतलं होतं. डोळ्यात होतं ना माझ्या, लहानपणापासून, तशीच्या तशी बनवली. बारा हात लांब बसलेल्या माझ्या बहिणीला मी एकदा विचारलं नाय की तुला काय पाहिजे. ताई बोलली, मी जेवण जमिनीवर करते, धागे जमिनीवर कापते, झोपते जमिनीवर, मला एवढ्या वर चढवून तू काय करणार? मला खाली चालेल असं दे.

मग मी तिला बुटका गाडा बनवला, वीतभर उंच, खाली चार चाकं, मागं टेकायला पट्टी. घरात तो, आणि बाहेर जायला वेगळी अरुंद खुर्ची, ती तिसऱ्या खेपेला जमली. तिच्यामुळं मी शिकली. लोकं यायला लागली मग, कुणाची आई, कुणाचा अपघात झालेला नवरा, मोरिवलीतून, शहाडवरून, मी कामावरून सुटली की मापं घ्यायची. ताई त्यांच्याशी बोलायची. मी लोखंडाचं बघायची, ती माणसाचं.

तिथंच लीना मॅडम आल्या, त्या व्यायामाच्या डॉक्टर, फिजिओथेरपीवाल्या. त्यांचा एका संस्थेशी संबंध होता, ती संस्था खुर्च्या गोळा करून आफ्रिकेत पाठवायची. एक दिवस त्या बोलल्या, रंजना, मलावी नावाचा देश आहे, तिथं आमच्या खुर्च्या पडून आहेत, वाळूत चालत नाहीत, लोकांना बसत नाहीत, तिथं हातानं काम करणारं माणूस पाहिजे, चार महिने, पगार नाही, राहणं-खाणं आणि तिकीट. मी विचारलं, मॅडम, परदेशात पण माणसं जमिनीवर सरपटतात? त्या बोलल्या, हो रंजना, खूप. तुम्हाला खोटं वाटेल, माझं तेव्हा चाळिशीपार वय, टीव्ही बघितलेली बाई मी, पण ती लहानपणाची समजूत माझ्या आत कुठंतरी अजून होती, ती त्या दिवशी फुटली. आणि फुटली तशी मला राहवेना.

घरी सांगितलं तर ताई तीन दिवस बोलली नाय. तोवर आईबाबा गेले होते, आम्ही दोघीच. चौथ्या दिवशी बोलली, माझ्या पायांवर तू जग फिरायला निघालीस. मी बोलली, ताई असं काय बोलतेस, शेजारच्या वहिनी आहेत, तुला काय कमी पडणार नाय. ती बोलली, मला सांभाळायला कोण नको, मी स्वतःचं सगळं करते, पण एक सांग, त्या मलावीवाल्यांनी तुला बोलावलं तेव्हा त्यांना कुणी सांगितलं का, की हिला हे काम शिकवलं कुणी? मी तिथंच चिडली. बोलली, तू इथं बसून असतेस म्हणून तुला दुसऱ्यांचं दिसत नाय. हे मी बोलली. बसून असतेस. माझ्या तोंडातून गेलं. तिनं कात्री खाली ठेवली, गाडा वळवला आणि आतल्या खोलीत गेली. मी निघाली तेव्हा तिनं हात हलवला, तोंड नाय उघडलं.

गल्लीतले पण बोलायचे, घरची पांगळी सोडून चालली दुनियेची सेवा करायला. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाय.

मलावीत आम्ही तळ्याकाठच्या गावी होतो, तळं कसलं, समुद्रच, पलीकडचा काठ दिसत नाय. छोटं हॉस्पिटल, मागं शेड, शेडमध्ये तीस खुर्च्या घडी करून ठेवलेल्या, धूळ खात. सगळ्या एका मापाच्या, जाड्याजुड्या मोठ्या माणसाच्या. शेडबाहेर पाय ठेवला की वाळू, पुढची छोटी चाकं वाळूत रुतायची. तिथं मॉझेस नावाचा सायकलवाला होता, साठीचा, मी त्याला मॉझेसदादा बोलायची, त्याला ते आवडायचं. त्याला मराठी नाय, मला त्याची भाषा नाय, इंग्रजी दोघांची मोडकी, पण लोखंड दोघांना कळतं. पुढची दोन छोटी चाकं काढून एकच मोठं चाक लांब पुढं लावायचं, असं आम्ही ठरवलं, म्हणजे तीन चाकी, वाळूत पळते. लाइट असेल तेव्हा वेल्डिंग, नसेल तेव्हा मापं. तिथं बाईला मानानं अमायी बोलतात, अमायी म्हणजे आई. मला सगळे अमायी बोलायचे, मला मूलबाळ नाय, पहिल्यांदा कानाला ते लागलं तेव्हा मी तोंड फिरवून ग्राइंडर चालू केला.

तिथं एलिझा होती. वीस-बावीसची, आंब्याच्या झाडावरून पडली होती, पाठ मोडली. ती आमच्याच संस्थेच्या खुर्चीवर बसलेली होती, दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमात मिळालेली. हॉस्पिटलच्या भिंतीवर तिचा फोटो, पाहुण्यांबरोबर, हसताना. ती खुर्ची तिच्या दुप्पट रुंद, ती एका बाजूला कलून बसायची. मी माप घ्यायला गेली तर वास आला. सिस्टरला बोलावलं, बघितलं, तर बसायच्या जागी जखम, माझी मूठ जाईल एवढी. आणि एलिझाला माहीत नव्हतं. ताईच्या पायात जोर नाय पण तिला मुंगी चावली तरी कळतं. हिला कंबरेखाली काहीच कळत नव्हतं. बसून बसून मांस सडलं आणि ती फोटोत हसतेय. तिला पालथं झोपवलं, सिस्टर बोलली, कमीत कमी तीन महिने.

आणि त्याच आठवड्यात आमच्या संस्थेचे साहेब मुंबईहून आले, बोलले, शनिवारी पाहुणे येणार, तीस खुर्च्या वाटायच्या, रांगेत लावा. मी बोलली, साहेब, अकरा तयार आहेत, बाकीच्यांची मापं झाली नाय. ते बोलले, रंजनाताई, नंतर करा ना मापं, आज देऊ, मागून दुरुस्त करू. मी त्यांना एलिझाकडं नेलं, दाखवलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, रुमाल काढला त्यांनी. आणि बाहेर येऊन बोलले, पण पाहुण्यांना तीस सांगितल्यात.

मग मी काय केलं सांगू? शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी आणि मॉझेसदादानं राहिलेल्या एकोणीस खुर्च्यांची पुढची चाकं काढली, अडतीस चाकं, दोन पोत्यांत भरली आणि मॉझेसदादा ती सायकलवर लादून स्वतःच्या घरी घेऊन गेला. जाताना म्हातारा एवढा हसत होता की सायकल वाळूत दोनदा पडली. शनिवारी अकराच खुर्च्या वाटल्या. अकरा माणसं स्वतःच्या हातानं चाकं फिरवत घरी गेली. साहेब पाहुण्यांसमोर काय बोलले नाय, पाहुणे गेल्यावर बोलले, ताई, तुम्हाला आम्ही सेवा करायला आणलं होतं, राजकारण करायला नाही. पुढच्या वेळी तुमचा विचार होणार नाही. मी बोलली, बरं. चाकं सोमवारी परत आली.

त्या दिवशी मी ताईला फोन केला. महिनाभर ती नुसतं हं, बरं, जेवलीस का, एवढंच बोलायची. मी तिला चाकांचं सांगितलं, ती हसली. एलिझाचं सांगितलं, तर तिचा आवाज बदलला. बोलली, ती उठत नाय का मध्ये मध्ये? मी बोलली, कुठं उठणार, पाय नाय. तशी भडकली माझ्यावर. अगं पायानं कोण सांगतंय, हातावर! दोन्ही हात टेकवून बूड उचलायचं, शंभर आकडे मोजायचे आणि परत, मी अख्खा दिवस करते, घरात एवढी वर्षं राहिलीस, तुला दिसलं नाय? मला नव्हतं दिसलं. खरं सांगते, मला वाटायचं ती चुळबुळ करते, बसून कंटाळते म्हणून.

ताई बोलली, व्हिडिओ लाव, तिला दाखव मला. आणि काय सांगू तुम्हाला, ती तिकडं खाटेवर पालथी, ही इकडं मोरिवलीत गाड्यावर. ही मराठीत बोलतेय, ऐक बाय, तू उठलीस ना की असं करायचं, आणि हातावर अंग उचलून दाखवतेय, आणि एलिझा मान वाकडी करून फोनकडं बघतेय, हसतेय. सिस्टरनं आजूबाजूच्या खाटांवरच्या दोघी-तिघींना बोलावलं. मग रोजचंच झालं. दुपारी त्यांचं जेवण झालं की सिस्टर माझा फोन मागायला यायची, अमायी कुसुम, अमायी कुसुम. मी शेडमध्ये लोखंड कापत बसायची, फोन वॉर्डात. त्या बायका तिला हातवारे करून काय काय विचारायच्या, संडासला कशी जातेस, पाळीच्या वेळी काय करतेस, स्वैपाक कसा करतेस, ते मला कुणी विचारलं नव्हतं, विचारून उपयोग पण नव्हता, मला कुठं माहीत.

एलिझाची खुर्ची मी बनवली, गादी तीनदा बदलली, पण ती त्यात बसलेली मी बघितली नाय. माझे दिवस संपले तेव्हा जखम अर्धी भरली होती. मला ते फार लागलं. विमानात मला एका जागी बसवेना, शेजारचा माणूस वैतागला.

घरी आली. ताईच्या पाया पडली, ती बोलली, पायाला काय पडतेस, हाताला पड, आणि दोघी हसलो आणि मग रडलो. जे मी बोलून गेली होती त्याची माफी मी मागितली, ती बोलली, झालं ते, पण विसरली नाय मी. ती खरं बोलते, विसरली नाय.

नंतर परत काम, वर्कशॉप, रविवारी मापं. त्या संस्थेनं मला परत बोलावलं नाय, साहेब बोलले तसं. लीना मॅडमनी त्यांचा नाद सोडला आणि त्या हॉस्पिटलशी सरळ बोलायला लागल्या. मी रोज वाट बघायची, आता बोलावतील, मग बोलावतील. बॅग मी खाटेखालून काढलीच नाय, अर्धी भरलेली ठेवली होती. माझं इथं चित्त लागेना. टाका देताना पण वाटायचं, तिकडं मॉझेसदादाकडं रॉड संपले असतील, एलिझा उठली असेल का.

आणि गेल्या महिन्यात लीना मॅडम आल्या, हॉस्पिटलचं पत्र घेऊन. मी उभीच राहिली. मॅडम बोलल्या, रंजना, खुर्च्या आता मॉझेस बनवतोय, त्याच्याकडं दोन पोरी शिकायला आहेत, चांगलं चाललंय. त्यांना आता शिकवणारं माणूस पाहिजे, जे स्वतः खुर्चीवर आहे. तीन आठवडे. त्यांनी कुसुमला बोलावलंय, मी सोबत जाणार. तिकीट दोघींचंच आहे.

मला पहिल्यांदा कळलंच नाय. मग कळलं आणि माझ्या तोंडून निघालं, तिला कसं जमेल, विमानात संडासला कशी जाईल, तिथं केवढी वाळू आहे, तिनं कधी कल्याणच्या पुढं पाय ठेवला नाय. ताई धागे कापत होती, मान वर न करता बोलली, तू गेलीस तेव्हा मी तुला एवढे प्रश्न विचारले होते का?

पासपोर्ट आला तिचा. फोटोत एवढी कडक बसली आहे, मास्तरीण वाटते. रोज सिस्टरला फोन करून चार शब्द शिकते तिकडच्या भाषेतले आणि मला बोलून दाखवते, मी चुकीचं शिकली होती असं पण सांगते. मी तिच्यासाठी घडीची नवी खुर्ची बनवतेय, तिनं तीन वेळा परत पाठवली, इथं बोचतं, तिथं ढिलं आहे. करते मी परत.

तर असं आहे. पुढच्या महिन्यात ती जाईल. तीन आठवडे ती तिकडं फिरणार आणि मी इथं घरात, तिच्या फोनची वाट बघत. जाऊ दे. तिचं भलं होवो, तिथल्या बायकांचं भलं होवो, तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तुमचं पण होवो. फक्त माझे तीन आठवडे कसे जाणार ते विचारू नका, मला घरी बसायची सवय नाय.